चव्हाटा, तिठा आणि बंद गल्ली : नगरविस्ताराच्या एका मापनपद्धतीची चिकित्सा

नगराची लोकसंख्या वाढते, क्षेत्रफळ वाढते, घरांची संख्या वाढते. परंतु त्याच्या रस्त्यांचे परस्परसंबंध त्याच प्रमाणात वाढतात की घटतात, हा प्रश्न बराच काळ नगररचनाकारांच्या अनुभवावर आणि ललितलेखकांच्या हळहळीवर सोपविलेला होता. त्याला संख्येने उत्तर देण्याचा एक मोठा प्रयत्न अलीकडे झाला आहे. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली व ॲडम मिलार्ड-बॉल या दोन अभ्यासकांनी २०१५ साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपुरता, २०१९ साली सर्व जगाच्या विद्यमान रस्त्यांचा, आणि २०२० साली १९७५ पासूनच्या जागतिक कालक्रमाचा, असे तीन निबंध प्रसिद्ध केले. रस्त्यांच्या जाळ्याची संलग्नता मोजून त्यावरून नगराच्या फैलावाचे स्वरूप ठरविणे, ही या तिन्ही निबंधांची पद्धती होय. त्यांचे निष्कर्ष आता भूगोल, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या विषयांच्या अभ्यासकांकडून सर्रास उद्धृत होतात. ज्या पद्धतीने ते काढले गेले तिची चिकित्सा मात्र त्या मानाने थोडी झालेली आहे. प्रस्तुत लेखात ती मराठी मुलखाच्या, विशेषतः पुणे शहराच्या, संदर्भात आणि भाषाशास्त्राच्या बाजूने करावयाची आहे. रस्त्यांना लोकांनी दिलेली नावे हा पुरावा या मापनात कोठेही येत नाही, आणि तो येत नसल्यामुळे काय निसटते हे पाहण्याजोगे आहे.

१. मापन आणि त्याचे निष्कर्ष

पद्धतीचा पाया साधा आहे. दोन किंवा अधिक रस्ते जेथे मिळतात ते संधिस्थान मानावयाचे, आणि त्याला जितक्या वाटा फुटतात ती त्याची शाखासंख्या. रस्ता जेथे संपतो त्या बंद टोकाची शाखासंख्या १. तीन वाटा मिळतात तेथे ३. चार मिळतात तेथे ४. केवळ वळण असेल तर ते संधिस्थान नव्हे. बुद्धिबळाच्या पटासारख्या आखलेल्या वस्तीत सरासरी शाखासंख्या ४ च्या जवळ जाते. झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या वस्तीत ती २ च्या आसपास राहते. या सरासरीच्या जोडीला बंद टोकांचे प्रमाण, दोन स्थळांमधील सरळ अंतराच्या मानाने प्रत्यक्ष पडणारा वळसा, आणि तोडल्यास जाळ्याचे दोन तुकडे होतील अशा रस्त्यांचे प्रमाण, अशी आणखी परिमाणे घेऊन २०१९ व २०२० च्या निबंधांत एक संयुक्त निर्देशांक बनविला आहे.

हे परिमाण पोकळ नाही, हे एका छोट्या उदाहरणावरून ध्यानात येईल. एका मुख्य रस्त्याला एकाच अंगाने, फणीच्या दातांप्रमाणे, दहा गल्ल्या फुटल्या आहेत अशी कल्पना करावी. प्रत्येक गल्ली २०० मीटर लांब व शेवटी बंद, आणि दोन गल्ल्यांमधील अंतर ५० मीटर. येथे तीन शाखांची दहा व एका शाखेची दहा अशी वीस संधिस्थाने असून सरासरी शाखासंख्या २ येते. एका गल्लीच्या टोकावरच्या घरातून शेजारच्या गल्लीच्या टोकावरच्या घरी जावयाचे तर २०० अधिक ५० अधिक २०० असे ४५० मीटर चालावे लागते, वास्तविक ती घरे ५० मीटरांवर आहेत. आता या दहा टोकांना जोडणारी एकच मागील वाट काढली, तर कडेची दोन टोके नुसती वळणे होतात, उरलेली आठ टोके तीन शाखांची होतात, आणि सरासरी २ वरून ३ वर जाते. ४५० मीटरांची चाल ५० मीटरांवर येते. एकच वाट, परंतु तिने म्हाताऱ्या माणसाचे देवळात जाणे आणि मुलाचे शाळेत जाणे शक्य किंवा अशक्य ठरते. परिमाण या फरकाला प्रतिसाद देते, हे त्याचे मोठे बळ होय.

निष्कर्षही दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. अमेरिकेत १९२० ते २०१२ या काळात नव्या रस्त्यांची संलग्नता प्रथम सतत घटत गेली, १९९४ च्या सुमारास ती नीचांकास पोहोचली, आणि पुढे सुधारू लागली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ही घसरण खाजगी मोटारींचे प्राबल्य होण्याच्या पुष्कळ आधी सुरू झाली होती. मोटारीने नगर विस्कटले, या प्रचलित समजुतीला त्यामुळे धक्का बसतो. न्यू जर्सीतील रॅडबर्न या वसाहतीची बंद गल्ल्यांची आखणी क्लॅरेन्स स्टाइन व हेन्री राइट यांनी १९२९ साली केली. रहदारी घरापासून दूर ठेवावी ही तीमागील इच्छा. त्याहीपूर्वी इंग्लंडात उद्याननगरांच्या पुरस्कर्त्यांनी बंद गल्ली हे सुखवस्तू निवाऱ्याचे लक्षण मानले होते. जागतिक पाहणीत लोकसंख्येने सर्वांत मोठ्या १३४ देशांपैकी ९० टक्के देशांत १९७५ नंतरच्या नव्या वस्त्यांतील रस्ते पूर्वीपेक्षा कमी संलग्न झाल्याचे आढळले, आणि २००० नंतर सुधारणेकडे कल असलेले देश केवळ २९ टक्के भरले. तटबंद वसाहतींत आढळणाऱ्या, लांब वळसे घालावयास लावणाऱ्या रचनेचे प्रमाण याच काळात जवळजवळ दुप्पट झाले.

या आकड्यांच्या वाचनात दोन सावधगिऱ्या बाळगावयास हव्यात. पहिली अशी की हे विधान नव्या भरीविषयी आहे, संपूर्ण नगराविषयी नव्हे. जुने जाळे जसेच्या तसे असताना नवी भर विस्कळित होत गेली, तरी नगराची एकूण सरासरी हळूहळूच उतरेल. दुसरी टक्केवारीविषयी. १९९४ ते २०१२ या काळात सरासरी शाखासंख्येच्या मापाने अमेरिकेतील फैलाव सुमारे ९ टक्क्यांनी कमी झाला, असे सांगितले जाते. परंतु हे माप शून्यापासून सुरू होत नाही. व्यवहारात ते २ ते ४ या अरुंद पट्ट्यातच हलते. निव्वळ उदाहरणादाखल, २.६० ही सरासरी ९ टक्क्यांनी वाढली तर ती सुमारे २.८३ होईल, पण वृक्षाकार रचनेच्या २ या पायापासून मोजल्यास ०.६० चे ०.८३ झाले, म्हणजे वाढ सुमारे ३९ टक्क्यांची ठरते. सुधारणा लहान की मोठी, हे पायरी कोठे धरावी यावर अवलंबून आहे. येथे ९ टक्के हा आकडा बदलाला फुगवीत नसून उलट झाकतो, ही गोष्ट तो उद्धृत करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

२. शब्दांची साक्ष

शाखासंख्येवरून संधिस्थानांचे वर्गीकरण करणे हा काही आलेखशास्त्राचाच शोध नव्हे. मराठीने ते फार पूर्वी केले आहे. चार वाटा मिळतात तो चव्हाटा किंवा चौक; तीन मिळतात तो कोकणात तिठा आणि कोल्हापुराकडे तिकटी. मिरजकर तिकटी हे कोल्हापुरातील स्थलनाम आजही प्रचारात आहे. यांच्या जोडीला फाटा हा शब्द ठेवून पाहावा. फाट्यावरही वाटा तीनच. आलेखशास्त्राच्या दृष्टीने तिठा आणि फाटा यांत काडीचाही भेद नाही, दोहोंची शाखासंख्या ३. परंतु भाषेच्या दृष्टीने भेद मूलभूत आहे. तिठ्यावरच्या तिन्ही वाटा समान दर्जाच्या असतात. फाट्यावर एक वाट मुख्य आणि दुसरी तिच्यापासून फाटलेली असते. केसनंद फाटा असे म्हणणारा माणूस नगर रस्त्यावर उभा राहून बोलत असतो. केसनंदात राहून बोलत नसतो. वाटांमधील ही श्रेणी कोणत्याही मोजदादीत येत नाही, आणि वृक्षाकार जाळ्याचा खरा स्वभाव तर श्रेणी हाच आहे.

चव्हाटा या शब्दाची फोड चार वाटा अशी करा अथवा चार हाट अशी करा, दोन्ही फोडींतून एकच गोष्ट सूचित होते : वाटा मिळाल्या की माणसे, माल आणि वार्ता तेथे जमतात. एखादी गोष्ट चव्हाट्यावर आणणे या वाक्प्रचाराला अर्थ येतो तो चव्हाटा हे सर्वांच्या येण्याजाण्याचे ठिकाण असते म्हणून. याउलट आळी हा शब्द गतीचा नसून ओळीचा व वस्तीचा आहे. तांबट आळी, बोहरी आळी ही नावे तेथून कोठे जाता येते हे सांगत नाहीत, तेथे कोण राहते वा काय विकले जाते हे सांगतात. बोळ व बोळकांडी या शब्दांत अरुंदपणा आहे, पण बंदपणा नाही. म्हणूनच बोळ बंद असेल तर तसे वेगळे विशेषण लावून सांगावे लागते. पेठ हा शब्द द्राविडी भाषांकडून आलेला, बाजाराचा. रस्ता फारसीतून आलेला. व्युत्पत्तीच्या बाबतीत स्थलनामे किती फसवी असतात याचे उदाहरणही पुण्यातच आहे. रास्ता पेठेचा रस्त्याशी काही संबंध नाही. ती रास्ते घराण्याच्या नावाने ओळखली गेली, आणि तिचे आधीचे नाव शिवपुरी असे होते.

अलीकडच्या बोलण्यात या शब्दसंग्रहाचे सपाटीकरण होत आहे. पुण्यात कोणत्याही संधिस्थानास, मग त्याला वाटा तीन असोत, चार असोत वा पाच असोत, चौक म्हणण्याची रीत पडली आहे. संख्यावाचक शब्द स्थानवाचक झाला. नव्या उपनगरांत याच्या पुढची पायरी दिसते. तेथे पत्ता सांगताना वाटांची नावे न येता गृहसंकुलांची नावे येतात, आणि त्यांना समोर, शेजारी, मागे ही क्रियाविशेषणे जोडली जातात. पेठेत जिलब्या मारुतीच्या मागे किंवा पासोड्या विठोबाच्या जवळ असे सांगितले असता ऐकणारा त्या मागे पायी पोहोचू शकतो. उपनगरातील मागे मात्र बहुधा नजरेचे असते, पायांचे नसते. मध्ये भिंत असते. भाषेने स्थलसंबंध राखला, परंतु त्यातील गमनाचा अंश गेला. संलग्नता घटल्याचा हा भाषिक पुरावा आकड्यांच्या निष्कर्षाला पुष्टीच देतो. तेवढ्यावर न थांबता तो ही घट कशी घडली याकडेही बोट दाखवितो.

३. पेठ आणि पाणंद

नगर वाढले की रस्ते विस्कळित होतात, हे विधान कारण सांगत नाही. केवळ सहचार सांगतो. पुण्याची वाढ पाहिली असता वाढ हे कारण नसून, जमीन एका वेळी केवढ्या तुकड्याने वसाहतीखाली येते हे कारण असल्याचे दिसते. पेशवाईत नगर झपाट्याने वाढले, परंतु ते पेठांनी वाढले. पेठ वसविण्याचे काम एका माणसाकडे किंवा घराण्याकडे असे. शुक्रवार पेठ जिवाजीपंत खासगीवाल्यांनी वसविली; सदाशिव पेठ सदाशिवराव भाऊंच्या नावाने थोरल्या माधवरावांच्या काळात उभी राहिली. पेठेचे प्रयोजन बाजार हे असल्यामुळे तिच्या वाटा शेजारच्या पेठांना मिळाल्याविना ती पेठ म्हणून टिकणे शक्य नव्हते. गिऱ्हाईक येण्यास वाट हवी. म्हणून वाड्यांच्या भिंती कितीही उंच असल्या तरी भिंतींमधून बोळ राहिले.

विसाव्या शतकात नगर ज्या जमिनीवर पसरले ती शेतीची होती, आणि शेतीच्या वाटांचा स्वभाव निराळा असतो. गावठाणातून निघालेली पाणंद शिवाराकडे जाते आणि शेतात संपते. गाडीवाट, पाणंद, बांधावरची पायवाट ही सर्व वृक्षाची अंगे होत; खोड गावठाणात, फांद्या शिवारात. शेतकऱ्याला आपल्या शेतातून पलीकडच्या गावी जाण्याचे नित्य प्रयोजन नसते, त्यामुळे फांद्यांची टोके जोडण्याची गरजही भासत नाही. केवळ दोन गावांच्या हद्दीवरून जाणारा शिवरस्ता तेवढा याला अपवाद. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नेही शेताकडे जाण्याचा मार्ग बांधावरून देण्याची तजवीज केली आहे, अर्थात शेतापर्यंत पोहोचण्यासाठी, पलीकडे निघण्यासाठी नव्हे. ही जमीन बिनशेती होऊन एकेका खातेदाराच्या तुकड्याने विकली गेली की प्रत्येक तुकड्याचा आतला रस्ता त्या तुकड्याच्या कुंपणाशी संपतो, आणि पाणंदेची वृक्षरचना डांबराखाली जशीच्या तशी पक्की होते. तीन पिढ्यांपूर्वी बैलगाडीला जो वळसा पडत होता तोच आज मोटारीला पडतो. फरक इतकाच की बैलगाडीवाला बांध ओलांडून पायी जाऊ शकत असे.

यावर उपाय ठाऊक नव्हता असे नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने खातेदारांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते आखून, प्रत्येकास नव्या आकाराचा भूखंड परत देण्याची योजना कायदेशीर केली होती. त्याच्याही आधी, १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने एकीकडे जुन्या दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद मार्ग काढले, तर दुसरीकडे दादर-माटुंगा भागात मोकळ्या जमिनीवर आधी रस्ते व मग घरे या क्रमाने वसाहती उभ्या केल्या. पहिल्या प्रकारात संलग्नता घरे पाडून विकत घ्यावी लागली. दुसऱ्यात ती जवळजवळ फुकट मिळाली. पॅट्रिक गेडिस, जे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विभागाचे प्रमुख झाले, ते पहिल्या प्रकाराचे कडवे टीकाकार होते. जुन्या गल्ल्या सरसकट कापून काढण्याऐवजी थोडी पडझडीची घरे हलवावीत, बोळ जेथे अडतात तेथे तेवढेच मोकळे करावेत, अशा मोजक्या शस्त्रक्रियेचा त्यांनी पुरस्कार केला. त्यांची पद्धत पायी हिंडून पाहण्याची होती, आणि आजच्या मापनाच्या तुलनेत तिचा हा विशेष स्मरणात ठेवण्यासारखा आहे.

४. आजच्या नकाशातून कालचा इतिहास

२०२० च्या निबंधातील कालक्रम कसा सिद्ध झाला हे पाहणे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास विशेष उद्बोधक आहे. रस्ते केव्हा बांधले गेले याच्या नोंदी सर्व जगासाठी उपलब्ध नाहीत. म्हणून उपग्रहचित्रांवरून कोणता भूभाग १९७५ पूर्वी, कोणता १९९० पूर्वी, कोणता २००० वा २०१४ पूर्वी बांधला गेला हे ठरविले, आणि आज त्या भूभागात असणारे रस्ते त्या त्या कालखंडाचे मानले. अर्थात येथे चार काळांचे चार नकाशे नाहीत. एकच आजचा नकाशा चार वयोगटांत विभागला आहे.

भाषेतील परिवर्तनाच्या अभ्यासात ही युक्ती परिचित आहे. विल्यम लबॉव यांनी १९६३ साली मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरील उच्चारांच्या अभ्यासात निरनिराळ्या वयाच्या लोकांची एकाच वेळची बोली तपासून तीवरून भाषेचा कालक्रम अनुमानिला होता. या अनुमानामागे गृहीत असे असते की माणसाची बोली तारुण्यात जी ठरते ती पुढे फारशी बदलत नाही. जेथे हे गृहीत ढासळते, जेथे माणसे वय वाढले म्हणजे बोलण्याची रीत बदलतात, तेथे वयभेदाला कालभेद समजण्याची चूक घडते.

रस्त्यांच्या बाबतीत हे गृहीत बोलीपेक्षाही अधिक बळकट आहे, हे मान्य केले पाहिजे. १६६६ च्या आगीनंतर लंडनच्या पुनर्रचनेसाठी क्रिस्टोफर रेन यांनी भव्य आराखडा केला. परंतु नगर पुन्हा उभे राहिले ते बहुतांशी जुन्या गल्ल्यांच्याच रेषांवर. घरे जळतात, मालकीच्या हद्दी जळत नाहीत. ज्या वस्त्या कमी संलग्न जन्मल्या त्या पुढेही तशाच राहतात, हा या निबंधांचा निष्कर्ष याच अनुभवाशी जुळतो. तथापि बळकट गृहीतही संपूर्ण नसते. पुण्याच्या पेठांतून विसाव्या शतकात लक्ष्मी रस्ता व बाजीराव रस्ता हे मार्ग काढले गेले. एकाच आजच्या नकाशावरून पाहणाऱ्यास हे मार्ग पेठांइतकेच जुने दिसतील, आणि जुनी वस्ती मूळच्यापेक्षा अधिक सुसंलग्न भासेल. जुन्या भागाला दुरुस्तीसाठी दोन शतके मिळाली; नव्या भागाला वीस वर्षे. नव्याजुन्यांतील अंतराचा काही अंश तरी या विषम मुदतीचा असणार, आणि त्यामुळे घसरण आहे त्याहून तीव्र दिसण्याचा संभव आहे.

शिवाय १९७५ पूर्वीचा सर्व काळ येथे एकाच गठ्ठ्यात बांधला जातो. पुण्याच्या बाबतीत या गठ्ठ्यात कसबा, पेशवाईतील पेठा, इंग्रजी लष्कराची छावणी, डेक्कन जिमखान्याची वसाहत, आणि १२ जुलै १९६१ च्या पानशेत प्रलयानंतर पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या वसाहती हे सर्व एकत्र येते. जमीन मिळविण्याच्या निदान चार निरनिराळ्या पद्धती एका सरासरीत विरघळतात. ज्या शहराला तीन शतकांची ज्ञात वाढ आहे त्याच्या रस्त्यांचा इतिहास १९७५ ला सुरू करणे म्हणजे भाषेचा इतिहास ध्वनिमुद्रणयंत्रापासून सुरू करण्यासारखे आहे.

५. वहिवाट

मापनाची सर्वांत मोठी मर्यादा मात्र कालक्रमाची नसून व्याख्येची आहे. नकाशावरील रेषा आणि जाण्याचा हक्क या भिन्न गोष्टी होत. मराठीत या दुसऱ्या गोष्टीला नेमका शब्द आहे : वहिवाट. वाट असणे वेगळे, ती वहिवाटीची असणे वेगळे. १८८२ च्या ईझमेंट्सच्या कायद्याने वीस वर्षांच्या अखंड व उघड उपभोगास हक्काचे रूप दिले ते याच भेदावर. जुन्या वाड्यांच्या वस्तीत एका वाड्याच्या दिंडीतून शिरून चौकातून परसदारी निघता येत असे. शेजारपाजार त्या वाटेने जाई. ही वाट नकाशात नसते, कारण ती घरातून जाते. परंतु वहिवाटीत असते. नव्या गृहसंकुलात याच्या नेमके उलट घडते. आतला रस्ता डांबरी, रुंद, नकाशावर ठळक, आणि कित्येकदा दोन्ही अंगांनी सार्वजनिक रस्त्यास मिळणारा. पण एका फाटकावर पहारेकरी आणि दुसऱ्यावर कुलूप. रेषा आहे, वहिवाट नाही. पहिल्या ठिकाणी मापन संलग्नता कमी दाखविते, दुसऱ्या ठिकाणी जास्त. दोन्ही चुका एकाच दिशेने घडतात, त्या जुन्या-नव्यांतील खरे अंतर झाकतात. आणि मागील विभागात सांगितलेली चूक ते अंतर वाढविते. या परस्परविरोधी चुका एकमेकींना नेमक्या फेडतील असे मानण्यास काहीही आधार नाही.

बंद टोके आणि फैलाव यांचे समीकरणही याच कारणाने जपून वापरावयास हवे. अहमदाबादच्या पोळांत बंद गल्ल्या पुष्कळ. फेझ व ट्युनिस येथील जुन्या नगरांतही तसेच. परंतु त्या वस्त्या दाट आहेत, आणि माणसाचे बहुतेक काम पायी होते. तेथे बंद गल्ली म्हणजे सर्वांच्या वाटेवरून आपल्या माणसांच्या अंगणात शिरणे. विस्कळित उपनगरातील बंद गल्ली दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी असते, आणि तिच्या तोंडापासून दूधकेंद्रापर्यंत वाहन लागते. शाखासंख्या दोन्हीकडे १. फैलाव या शब्दात विरळ वस्तीचा अर्थ लोकव्यवहाराने घातलेला आहे. केवळ रस्त्यांच्या आकृतीला ते नाव दिले म्हणजे एका शब्दात दोन पदार्थ बसतात, आणि वाद शब्दाचा होऊन बसतो.

ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी १९६५ साली, नगर हे वृक्ष नव्हे, असे प्रतिपादन केले होते. कागदावर एका बैठकीत आखलेली नगरे वृक्षाकार होतात, कारण प्रत्येक भाग एकाच मोठ्या भागात मोडावा अशी आखणाऱ्या मनाची ओढ असते; कालौघात वाढलेल्या नगरांत मात्र एकच स्थळ अनेक समूहांचे असते, असे त्यांचे म्हणणे. भाषाशास्त्रात हा वाद जुना आहे. श्लायखर यांच्या वंशवृक्षाविरुद्ध योहानेस श्मिट यांनी १८७२ साली लहरींचा सिद्धान्त मांडला, तो शेजारच्या भाषा एकमेकींत मिसळतात, फांद्यांसारख्या नुसत्या दुरावत नाहीत, या कारणासाठी. फारसी रस्ता आणि द्राविडी पेठ एकाच मराठी पत्त्यात शेजारी नांदतात ते अशा लहरींमुळे. तथापि अलेक्झांडर यांचे विधान पुण्यास तसेच लागू होत नाही. येथे पेठा एकहाती वसल्या व जाळीदार झाल्या. उपनगरे कोणाच्याही एका आराखड्याविना, तुकड्यातुकड्यांनी, जणू आपोआप वाढली आणि वृक्षाकार झाली. आपोआप वाढ म्हणजे संलग्नता आणि आखणी म्हणजे विस्कळितपणा, हे समीकरण येथे उलटते. आखणी होती की नाही यापेक्षा आखणाऱ्याच्या हाती केवढी जमीन होती आणि शेजाऱ्याशी जोडून घेण्यात त्याचा लाभ होता की नाही, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो.

६. उपसंहार

या चिकित्सेचा अर्थ सदर निबंध त्याज्य आहेत असा नव्हे. जगातील सर्व नकाशाबद्ध रस्त्यांना एकाच मापाने मोजण्याचे धैर्य त्यांपूर्वी कोणी दाखविले नव्हते, आणि रस्ता एकदा पडला की पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो हा त्यांचा मुख्य मुद्दा या चिकित्सेतूनही अबाधित राहतो. त्यांच्या संख्यांना वर्णन समजावे, कारण समजू नये. आणि ज्या नगराविषयी बोलावयाचे त्याची जमीन, त्याचा कायदा व त्याची भाषा यांच्या पुराव्याने ती तपासून घ्यावीत, एवढाच येथील आग्रह आहे.

पुण्यापुरते हे काम निकडीचे आहे. १९९७, २०१७ व २०२१ या वर्षांत महानगरपालिकेच्या हद्दीत अनेक गावे आली. त्यांपैकी जी आधी आली त्यांच्या पाणंदी डांबराखाली गेल्या. जी नंतर आली त्यांच्यापैकी काहींत गाडीवाटा, शिवरस्ते आणि बांधावरच्या पायवाटा अजून पायाखाली आहेत, आणि त्यांची नावे वृद्धांच्या तोंडी आहेत. कोणती पाणंद कोठे संपते, कोणती दोन टोके एका वाटेने जोडली असता ४५० मीटरांचे ५० मीटर होतील, कोणत्या फाटकातून पूर्वी वहिवाट होती, हे आज विचारून व चालून समजू शकते. भूमापनाचे गावनकाशे, उपग्रहचित्रे आणि वाटांच्या नावांची यादी ही तीन साधने एकत्र ठेवून एकेका गावाची अशी पाहणी करणे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका वर्षाच्या आवाक्यातील काम आहे. भूगोल, विधी आणि भाषा या तीन विभागांनी मिळून ते हाती घेतल्यास जागतिक निर्देशांकाला एक स्थानिक कसोटी मिळेल, आणि कुंपणे पक्की होण्यापूर्वी कोणती वाट राखावयाची हे सांगण्याजोगा पुरावा नगररचनाकारांपुढे ठेवता येईल.